तीन त्रिकोण आणि एक टिंब : ठाणे-कल्याण पट्ट्यातली गुळगुळीतपणाची भाषा

यंत्राच्या एखाद्या सुट्या भागाचे ड्रॉइंग हातात घेतले, तर त्यातल्या बऱ्याच गोष्टी सामान्य माणसालाही थोड्याफार उमगतात. हा व्यास, ही लांबी, इथे भोक, इथे आटे. पण कडेच्या रेषेवर टोक टेकवून उभी असलेली एक खूण मात्र त्याला कोड्यात टाकते. शाळेत बाई वहीत ‘बरोबर’ची खूण करत तशी ती दिसते आणि तिच्याशेजारी ३.२, १.६, ०.८ असा काही आकडा असतो. जुन्या ड्रॉइंगवर त्या जागी उलटे त्रिकोण असत. एक, दोन, तीन, क्वचित चार. ही खूण भागाचा आकार सांगत नाही की मापही सांगत नाही. तो पृष्ठभाग किती गुळगुळीत किंवा किती खरखरीत हवा, एवढेच ती सांगते.

ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ या पट्ट्यात गेल्या साठ-सत्तर वर्षांत असंख्य माणसांनी ही खूण वाचून आपला संसार चालवला. मीही त्यांतलाच एक. या भागाचा इतिहास सांगताना आपण शिलाहारांपासून सुरुवात करतो, पहिल्या आगगाडीपाशी थांबतो, मग नाट्यसंस्था, ग्रंथालये आणि लोकलची गर्दी. कारखान्यांचा उल्लेख येतो तो बहुधा त्यांच्या बंद पडण्यापुरता. त्या कारखान्यांत रोज कोणती भाषा वाचली जात होती, तिचा इतिहास काय, हे क्वचितच सांगितले जाते. आखणारा आणि बनवणारा ही दोन माणसे एकमेकांना भेटेनाशी झाली तेव्हा त्यांच्यात जे एक वाक्य उरले, ते म्हणजे ही खूण, असे मला वाटते. ते वाक्य कसे घडले, त्याने कोणाला काय दिले आणि कोणाकडून काय घेतले, ते या लेखात मांडायचे आहे.

खूण नव्हती तेव्हा

अंबरनाथच्या शिवमंदिरावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०चा शिलालेख आहे. त्या मंदिरातल्या मूर्तींच्या अंगावरची सफाई आणि पायथ्याच्या दगडांवरची टाकीची घाई यांत फरक दिसतो. कुठे हात फिरवायचा आणि कुठे थांबायचे हे ठरवणारा आणि छिन्नी चालवणारा एकाच आवारात होते. तिथे ‘अजून थोडे घास’ एवढे बोलणे पुरेसे होते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली आणि पुढच्या वर्षी ती कल्याणला पोहोचली. या रुळांवरून या पट्ट्यात पहिल्यांदा असे यंत्र आले, ज्याचा आखणारा इथून हजारो मैल दूर होता. इंग्लंडमधल्या त्या काळच्या ड्रॉइंगमध्ये पृष्ठभागासाठी आकडे नव्हते, शब्द होते. यंत्रावर कापून काढायचा भाग तो ‘ब्राइट’, भट्टीतून आला तसाच ठेवायचा तो ‘ब्लॅक’. शिवाय ‘घासून’, ‘चकाकी देऊन’ अशा सूचना असत. अमेरिकेत रेषेवर नुसते इंग्रजी ‘एफ’ अक्षर काढत. इथे फिनिश करा, एवढाच त्याचा अर्थ. किती, ते कारागिराला ठाऊक असे. ज्याला ठाऊक नसेल तो फोरमनला विचारी.

गुळगुळीतपणाचा विचार इंग्लंडमध्ये झाला नव्हता असे नाही. जोसेफ व्हिटवर्थने १८४०मध्ये धातूच्या सपाट पृष्ठभागांवर निबंध वाचला होता. तीन पाट्या एकमेकींवर आलटून-पालटून तपासायच्या आणि उंच भाग हाताने खरवडत जायचे, ही त्याची पद्धत. निळा रंग लावून उंचवटे शोधण्याचे ते काम आपल्याकडे ‘स्क्रॅपिंग’ म्हणून अनेक वर्षे चालले. पण व्हिटवर्थचा प्रश्न सपाटपणाचा होता. पाटी सरळ आहे का वाकडी, हे एक. तिच्यावर बोट फिरवले तर खरखरते का, हे दुसरे. दुसऱ्या प्रश्नाला आकड्यात उत्तर मिळायला आणखी शंभर वर्षे लागली.

डोळ्यांची आणि नखाची भाषा

मधल्या काळात जर्मनांनी त्रिकोण आणले. दोन महायुद्धांच्या दरम्यान त्यांच्या मानकांत ते रुळले आणि त्यांची व्याख्या सरळ डोळ्यांशी बांधलेली होती. एक त्रिकोण म्हणजे हत्याराच्या रेघा हाताला लागतात आणि डोळ्यांना दिसतात. दोन म्हणजे रेघा नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतात. तीन म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. चार त्रिकोण त्याहून बारीक कामासाठी. ही भाषा वाचायला उपकरण लागत नव्हते. उजेड आणि चांगली नजर पुरे.

आपल्या पट्ट्यात ही भाषा पसरली ती स्वातंत्र्यानंतर. १९५३मध्ये अंबरनाथला संरक्षण खात्याचा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना सुरू झाला. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्याच्या कामाची सुरुवात ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून झाली आणि पाठोपाठ डोंबिवलीची वसाहत उभी राहिली. मोठ्या कंपन्या आल्या, आणि त्यांच्यासाठी सुटे भाग करून देणारी छोटी वर्कशॉप आली. दोन लेथ, एक शेपर, एक ड्रिलिंग मशीन, जमले तर एक ग्राइंडर, आणि पत्र्याच्या छपराखाली सात-आठ माणसे. मोठ्या कंपनीत आखणारा आणि बनवणारा निदान एकाच कुंपणाच्या आत असत. इथे आखणारा कळव्याला किंवा मुलुंडला आणि बनवणारा वागळे इस्टेटच्या सोळा नंबर रस्त्यावर, अशी फारकत झाली. दोघांमध्ये फक्त अमोनियाच्या उग्र वासाची एक छापील प्रत जाई-येई.

त्या वर्कशॉपमध्ये त्रिकोण ही बोलीच झाली होती. ‘डबल ट्रँगल आहे, शेवटचा कट बारीक घे’ किंवा ‘ट्रिपल आहे, ग्राइंडिंगला पाठव’, असे टर्नरला सांगितले की काम होई. तपासणी नखाने. रेघांना आडवे नख ओढायचे. ते अडखळले तर दोन त्रिकोण, सरकले तर तीन. ही थट्टा नव्हे. सरावलेले नख मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपासचे चढउतार ओळखू शकते. माणसाचा केस साधारण पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे हा त्या केसाचाही अगदी छोटा अंश झाला.

अडचण एकच होती. नखाला पुरावा नसतो. तपासणी करणाऱ्या साहेबाचे नख आणि टर्नरचे नख यांत मतभेद झाला, तर खरे नख साहेबाचे ठरे.

आकड्याचा जन्म

नखाच्या जागी हिऱ्याची अणकुचीदार सुई आली, आणि ती आली प्रामुख्याने मोटार आणि विमानांच्या गरजेतून. १९३३मध्ये अमेरिकेत मिशिगन इथे अॅबट आणि फायरस्टोन यांनी पृष्ठभागाचा दर्जा नेमका कसा सांगावा यावर निबंध लिहिला. पृष्ठभागाच्या चढउतारांतून भार पेलणारा भाग किती, हे दाखवणारा आलेख आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. १९४१मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरच्या टेलर-हॉब्सन कंपनीत रिचर्ड रीझन यांनी ‘टॅलिसर्फ’ हे यंत्र सिद्ध केले. यंत्राचे तत्त्व ग्रामोफोनसारखेच आहे. सुई पृष्ठभागावरून हळूहळू ओढली जाते, तिचे वरखाली होणे विजेच्या साहाय्याने कित्येक पट मोठे केले जाते आणि डोंगररांगेसारखी रेघ उमटते.

आता त्या डोंगररांगेचा एकच आकडा करायचा. त्यासाठी मधोमध एक रेषा धरायची, तिच्यापासून प्रत्येक शिखर आणि प्रत्येक दरी किती दूर आहे ते पाहायचे, आणि त्या सगळ्या अंतरांची सरासरी काढायची. हाच आज ‘आरए’ म्हणून ओळखला जाणारा आकडा. ब्रिटनमध्ये त्याचे नाव आधी ‘सीएलए’ होते. अमेरिकेत सुरुवातीला सरासरीऐवजी वर्गमूळ काढण्याची दुसरी रीत होती. तिचा आकडा साध्या नियमित रेघांवर सुमारे अकरा टक्क्यांनी जास्त येई. १९५५मध्ये अमेरिकेनेही साध्या सरासरीचा मार्ग धरला. पण एकक मात्र आपलेच ठेवले, मायक्रोइंच, म्हणजे इंचाचा दहा लाखावा भाग. बाकीचे जग मायक्रॉनमध्ये मोजू लागले.

भारतात १९५६मध्ये दशमान वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. १९४७च्या जानेवारीत स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेने अभियांत्रिकी ड्रॉइंगची संहिता आणि पुढे १९६७मध्ये पृष्ठभागाचा खरखरीतपणा मोजण्याचे मानक काढले. ड्रॉइंगवरची खूण कशी काढावी याचे स्वतंत्र मानक १९८३चे. महाविद्यालयांसाठी १९८८मध्ये निघालेल्या पुस्तिकेत जुन्या त्रिकोणांची आणि नव्या आकड्यांची सांगड घालून दिली आहे. एक त्रिकोण म्हणजे ८ ते २५ मायक्रॉन, दोन म्हणजे १.६ ते ८, तीन म्हणजे ०.०२५ ते १.६, आणि चार म्हणजे त्याहूनही कमी.

हा कोठा नीट पाहिला तर त्रिकोण का जावे लागले ते कळते. तीन त्रिकोणांच्या घरात वरचा आकडा खालच्याच्या चौसष्ट पट आहे. साध्या ग्राइंडिंगने भागणारे काम आणि तासन्‌तास लॅपिंग करावे लागेल असे काम, दोन्ही त्याच तीन त्रिकोणांत. भाव पहिल्याचा द्यायचा आणि तपासणी दुसऱ्याची करायची, याला मोकळे रान होते. छोट्या वर्कशॉपच्या मालकाला आकड्याने पहिल्यांदाच हातात काहीतरी दिले. ड्रॉइंगवर ०.८ लिहिले आहे आणि मशीन ०.७ दाखवते आहे, तर माल परत करता येणार नाही. नखांच्या भांडणात त्याला हे कधी मिळाले नव्हते.

टिंब

पण आकड्याला त्याची स्वतःची घातकी जागा असते. ती मी स्वतःच्या हाताने शोधून काढली.

१९८०च्या सुमारास मी वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये ड्राफ्ट्समन म्हणून लागलो होतो. डोंबिवलीहून सकाळची लोकल, ठाण्याला उतरून बस, आणि दिवसभर टी-स्क्वेअर. गिऱ्हाइकाकडून आलेल्या ड्रॉइंगवरून वर्कशॉपसाठी सोप्या प्रती काढायच्या, हे माझे काम. एका कंपनीचे पंपाच्या शाफ्टचे ड्रॉइंग आले. मूळ अमेरिकन असावे. कोणीतरी सगळी मापे इंचातून मिलिमीटरमध्ये बदलली होती. ऑइल सीलच्या जागेवर फिनिशची खूण होती आणि तिच्यावर ३२ असा आकडा. आमच्याकडच्या ड्रॉइंगवर ३.२ रोज दिसे, ३२ कधीच नाही. आयएसओच्या मालिकेत २५ नंतर एकदम ५० येतात, ३२ नाहीच. छापील प्रत फिकी होती. मी समजलो, मधले टिंब छपाईत उडाले आहे. माझ्या प्रतीवर मी ते टिंब नीट, ठळक काढले.

फोरमन अनुभवी होते. सीलच्या जागेला ३.२ पाहून त्यांनी विचारले, “अरे, हे नक्की तीन पॉइंट दोन?” मी म्हणालो, “हो, तसंच आहे.” टर्नरने शाफ्ट लेथवर शेवटच्या मापापर्यंत छान उतरवले. ३.२ साठी तेवढे पुरेसे होते.

खरे तर ते ३२ मायक्रोइंच होते, म्हणजे ०.८ मायक्रॉन, मी लिहिले त्याच्या चौपट बारीक. मापे बदलणाऱ्याने हा एक आकडा तसाच सोडला होता आणि त्याची अर्धवट राहिलेली चूक मी पूर्ण केली होती. पंप जोडले, सीलमधून तेल गळू लागले आणि सगळा माल परत आला. शाफ्ट आधीच अखेरच्या व्यासाला उतरवलेले. ग्राइंडिंगसाठी अंगावर मांसच शिल्लक नव्हते. क्रोमचा थर चढवून वाचवायचे, तर खर्च शाफ्टच्या किमतीपेक्षा जास्त. ते भंगारात गेले. मालकांनी मला काढले नाही, पण त्या महिन्यात सगळ्यांचाच पगार उशिरा झाला आणि कोणामुळे, ते सगळ्यांना माहीत होते.

फोरमन मला एवढेच म्हणाले, “आकडा वाचू नकोस. त्या जागेला काय लागणार आहे ते आधी विचार.”

जितके गुळगुळीत तितके चांगले?

त्या वाक्याचा अर्थ कळायला मला बरीच वर्षे लागली, कारण गुळगुळीत म्हणजे चांगले अशी आपली सहज समजूत असते. ऑइल सीलचेच घ्या. रबराचा ओठ फिरत्या शाफ्टवर टेकलेला असतो. शाफ्ट खरखरीत असेल तर ओठ झिजतो. पण आरशासारखा केला तर ओठाखाली तेलाचा पापुद्रा टिकत नाही आणि रबर कोरडे घासून जळते. म्हणून तिथे साधारण ०.२ ते ०.८ असा पट्टा सांगतात. वरची मर्यादा आहे तशी खालचीही. शिवाय लेथच्या रेघा आट्यांसारख्या नागमोडी जातात, त्या तेलाला ढकलत बाहेर नेतात. म्हणून आडवे, न सरकवता केलेले ग्राइंडिंग हवे असते. आकडा जमला तरी रेघांची दिशा चुकली तर गळती आहेच. या दिशेसाठीही खुणेत वेगळी चिन्हे आहेत. समांतर, काटकोनात, तिरपी, वर्तुळाकार.

डोंबिवलीच्या रासायनिक कारखान्यांत याच्या उलट उदाहरण दिसते. तिथल्या पाइपांना जोडणाऱ्या फ्लँजच्या तोंडावर मुद्दाम बारीक चरे पाडलेले असतात, इंचाला ४५ ते ५५. फ्लँजच्या प्रचलित अमेरिकन मानकात खरखरीतपणा ३.२ ते ६.३ मायक्रॉन मागितला आहे. मधली गॅस्केट त्या चऱ्यांत रुतून बसते आणि दाबाखाली बाहेर सरकत नाही. एखाद्या हौशी कारागिराने ते तोंड पॉलिश करून चकचकीत केले, तर त्याने काम सुधारलेले नसते, बिघडवलेले असते.

कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. १९९०च्या दशकात तिथून प्यूजो ३०९ मोटारी बाहेर पडल्या आणि थोड्याच वर्षांत ते पर्व संपले. मोटारीच्या इंजिनाचा सिलिंडर आतून होनिंग केलेला असतो. त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघांची जाळी मुद्दाम ठेवतात, शिखरे मात्र घासून सपाट करतात. रेघांत तेल राहते, सपाट माथ्यांवर पिस्टनच्या रिंगा धावतात. गुळगुळीत आणि खरखरीत ही दोन्ही टोके एकाच पृष्ठभागावर हवी असतात.

जास्त गुळगुळीत मागण्याची किंमतही असते आणि ती हिशेबात मांडता येते. लेथवर हत्याराच्या टोकाची गोलाई ०.८ मिलिमीटर आणि एका फेऱ्यातली सरक ०.२ मिलिमीटर असेल, तर उरणाऱ्या कंगोऱ्याची उंची गणिताने सुमारे सव्वासहा मायक्रॉन येते. सरक निम्मी केली की कंगोरा एक चतुर्थांश होतो, पण त्या कटाला वेळ दुप्पट लागतो. त्याहून बारीक हवे तर ग्राइंडर, पुढे होनिंग, पुढे लॅपिंग. प्रत्येक पायरीला नवे मशीन, नवा माणूस, नवी वाट पाहणे. एसी ऑफिसात बसून ३.२च्या जागी ०.८ लिहायला एक क्षण लागतो. तो क्षण वर्कशॉपमध्ये पूर्ण पाळी होऊन उतरतो. बहुतेक वेळा भाव मात्र आधीच ठरलेला असतो.

सरासरीत काय हरवते

आरए ही सरासरी आहे हे विसरले की दुसरा घोटाळा होतो. ठाण्याहून सुटणाऱ्या सगळ्या लोकलच्या दिवसभराच्या गर्दीची सरासरी काढली, तर त्यावरून सकाळच्या आठ-साडेआठच्या डब्याची कल्पना येत नाही. तसेच इथे. एका पृष्ठभागावर नुसती उंच टोके असतील आणि दुसऱ्यावर नुसत्या खोल दऱ्या, तरी दोघांचा आरए एकच येऊ शकतो. पहिला सील कापून काढील, दुसरा तेल धरून ठेवील. म्हणूनच कळकळीने काम करणारे आखणारे आरएच्या जोडीला शिखर-दरीची उंची किंवा भार पेलणाऱ्या भागाचे प्रमाण लिहितात. ते वाचणारे आणि मोजणारे त्या मानाने थोडेच.

खूणही स्थिर राहिलेली नाही. खुणेच्या माथ्यावरचा आकडा २००२च्या आंतरराष्ट्रीय मानकात आडव्या रेषेखाली गेला आणि त्याच्याआधी ‘आरए’ लिहिणे आले. २०२१मध्ये ते मानकही बदलले, आणि त्यासोबत एक महत्त्वाची गोष्ट बदलली. आधी विशेष काही लिहिले नसेल, तर घेतलेल्या मापांपैकी १६ टक्क्यांपर्यंत मापे मर्यादेबाहेर गेली तरी चालत. नव्या नियमात विशेष काही लिहिले नसेल, तर एकही जाता कामा नये. आकडा तोच, खूण जवळजवळ तीच, आणि अर्थ कडक झालेला. माझ्या टिंबापेक्षा ही जागा धोक्याची आहे, कारण टिंब निदान डोळ्यांना दिसत होते.

आज वागळे इस्टेटमध्ये अनेक छपरांच्या जागी काचेच्या इमारती आहेत. उरलेल्या वर्कशॉपमध्ये आता हातात मावणारे मोजयंत्र असते. नख कोणी ओढत नाही, आणि ते बरेच झाले, कारण यंत्राची चिठ्ठी साहेबाला नाकारता येत नाही. ड्रॉइंगही हाताने होत नाहीत. संगणकावर खूण यादीतून निवडायची आणि आकडा बहुधा आधीपासून भरलेला असतो. कितीतरी ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ‘इतर सर्व ठिकाणी ३.२’ असे असते, ते कोणीतरी कधीतरी भरलेल्या साच्यातून आलेले असते. खूण अधिक नेमकी झाली आणि तिच्यामागचा प्रश्न विचारणारा मात्र कमी झाला.

निवृत्तीनंतर काही मुलांना मी ड्रॉइंग शिकवतो. फिनिशचा आकडा लिहिण्याआधी त्यांना त्या पृष्ठभागासमोर एक शब्द पेन्सिलीने लिहायला लावतो: रबर, गॅस्केट, बेअरिंग, रंग, हवा. ज्याच्यासमोर ‘हवा’ येते, तिथे बहुतेक वेळा खूण काढायचीच गरज नसते. ज्याच्यासमोर ‘रबर’ येते, तिथे मी त्यांना आकडा दोनदा वाचायला सांगतो, आणि त्यात टिंब आहे का नाही, ते फोन करून विचारायला.